टाके तुटायला टाके उरलेत कुठे?

मॅडम,
मी चोपडा तालुक्यातली, वय ४६. दोन वर्षं डाव्या पायात सायटिकाची कळ होती. कानबाईचे रोट कसेबसे केले, पोळा झाला आणि जळगावला ऑपरेशन करून घेतलं. गादी काढली, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला स्क्रू बसवले. पायातली कळ दुसऱ्याच दिवशी गेली, खोटं का बोलू. पण दहा आठवडे झाले तरी टाक्यांच्या जागी सारखं ओढल्यासारखं होतं. सकाळी उठताना, निऱ्या खोचताना, भाकरी करताना तर वाटतं आता शिवण उसवणार. मधली जागा बधिर आहे आणि कडेला खाज सुटते. डॉक्टर म्हणतात, एक्स-रे छान आहे. सासूबाई म्हणतात, “हालू नको, टाका तुटी जातीन.” शेजारीण म्हणते कडक तेलाने रगडून घे, नाहीतर बिबा लाव. गावात एक पायाळू बाई आहे, तिची लाथ कमरेला लावून घे असंही एकाने सुचवलं. वांगं घरात बंद केलंय आणि भरताचे दिवस तर आता आलेत. हे दुखणं किती दिवस चालणार? कापूस वेचायला कधी जाऊ?
– एक वाचक

ताई,

आधी सासूबाईंच्या टाक्यांचं बघू. कातडीवरचे टाके तुमचे दहा-चौदा दिवसांतच निघाले असतील. आत जे टाके घालतात ते बहुतेक वेळा विरघळणाऱ्या धाग्याचे असतात. त्या धाग्याची पकड महिनाभरात संपते आणि आठ-दहा आठवड्यांत धागाच अंगात जिरून जातो. म्हणजे सासूबाई ज्यांना जपायला सांगतायत ते टाके आता जवळजवळ शिल्लकच नाहीत. त्यांचं काम तुमच्या शरीराने स्वतः विणलेल्या तंतूंनी उचललंय. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला ही जागा मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत मजबूत होते. शंभर टक्के ती पुढेही होत नाही, पण निऱ्या खोचल्याने उसवेल इतकी कच्चीही ती आता राहिलेली नाही.

मग ओढ कशाची? ओढ खरी आहे, मनाचे खेळ नाहीत. जखम भरून काढायच्या घाईत शरीर तंतू कसेही, वेडेवाकडे टाकतं. त्यात काही पेशी अशा असतात की दोन्ही कडा जवळ ओढून धरणं हेच त्यांचं काम. त्यामुळे व्रण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सगळ्यात लाल, टणक आणि आखूड असतो. पुढे वर्ष-दीड वर्ष शरीर तेच तंतू मोडून पुन्हा सरळ रांगेत लावत बसतं आणि जागा हळूहळू मऊ पडते. तुम्ही नेमकं सगळ्यात ताठ टप्प्यावर पत्र लिहिलंय.

शिवाय पाठ म्हणजे नुसती कातडी नाही. कातडी, चरबी, मग एक जाड पांढरा पडदा आणि त्याखाली मणक्यांना धरून ठेवणारे स्नायू असे थर असतात. एरवी ते एकमेकांवरून सरकतात. तुमच्यासारख्या ऑपरेशनमध्ये हा पडदा चिरतात, स्नायू हाडापासून सोडवून बाजूला धरून ठेवतात आणि काम झालं की सगळं परत जागेवर आणून शिवतात. गोधडीचे थर टाक्यांनी एकमेकांना धरून बसतात ना, तसे हे थर चिरेच्या रेषेवर काही काळ एकमेकांना धरून बसतात. तुम्ही जराशा वाकलात की एकट्या कातडीऐवजी खालचं सगळं सोबत खेचलं जातं. हे एक्स-रेत दिसत नाही, एक्स-रेत हाड आणि स्क्रू दिसतात. डॉक्टरांचं ‘छान आहे’ हे त्यांच्यापुरतं बरोबरच आहे आणि तुमची तक्रारही बरोबर आहे. दोघं वेगवेगळ्या थरांबद्दल बोलताय, एवढंच.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. दहाव्या आठवड्यातल्या दुखण्याचा बराच मोठा भाग व्रणाला जपण्यातून येतो. माझ्याकडे अशा बायका येतात तेव्हा मी त्यांना तपासण्याच्या टेबलावर घेण्याआधी एक टॉवेल समोरच्या खुर्चीवर टाकते आणि उचलून द्यायला सांगते. टॉवेलचं वजन ते काय! पण हात पुढे जायच्या आधीच श्वास थांबतो, ओठ दाबले जातात, खांदे कानांकडे चढतात आणि कंबरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू कडक होतात. टॉवेल हातात आला तरी श्वास सुटलेला नसतो. दिवसभरात असं किती वेळा होत असेल? संध्याकाळी जी पाठ भरून येते ती त्या आवळून धरण्याने थकलेली असते. सासूबाई काळजीनेच सांगतात, त्यांच्या तरुणपणी ऑपरेशन म्हणजे महिनोनमहिने अंथरूण होतं. पण ‘हालू नको’ हा सल्ला आज तुम्हाला महागात पडतोय. ते तंतू सरळ रांगेत लागतात तेच मुळी रोजच्या हलक्या ओढीमुळे.

म्हणून पहिला व्यायाम श्वासाचा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, गुडघ्यांखाली उशी घ्या. हात बरगड्यांच्या खालच्या कडेला, दोन्ही बाजूंना ठेवा. श्वास असा घ्या की बरगड्या बाजूंना फुलतील आणि कंबर गादीवर किंचित टेकेल. सोडताना सावकाश, तोंडाने. आत व्रणाच्या जागी हलकीशी ओढ जाणवेल, ती चालेल. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी पाच-सात श्वास असे घ्या आणि मग कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठा. सरळ उठून बसू नका. हे दवाखान्यात शिकवलं असेलच.

दुसरं चालणं. एका दमात तासभर चालण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, सपाट रस्त्यावर. ढेकळांच्या वावरात नको. चालताना हात मोकळे हलू द्या, पदर मुठीत धरून चालू नका. किती चाललं की जास्त झालं? माझा ठोकताळा असा: चालल्यावर थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत निवळलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलंच असेल तर त्या दिवशी निम्मं चाला, पण बंद करू नका.

आता एक प्रश्न. परकराची नाडी कुठे बांधता? कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर तळवे ठेवून बघा. त्या दोन हातांना जोडणारी रेषा मागे चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. तुमची चीर तिथे, आणि आयुष्यभराची नाडीची जागाही तिथेच! निऱ्यांचं वजन धरायला ती करकचून बांधलेली असते. बधिर जागेवर ती रुतलेली कळतही नाही, संध्याकाळी परकर सोडला की काळपट वळ दिसतो. निऱ्या खोचताना लागणारी ओढ निम्मी वाकण्याची असेल तर निम्मी या नाडीची. दोन-तीन महिने घरात गाऊन घाला. साडी नेसायचीच असेल तर परकराला दोरीची नाडी काढून चार बोटं रुंद कापडी पट्टी लावून घ्या, गाठ बाजूला घ्या आणि निऱ्या भिंतीला टेकून उभं राहून खोचा. डॉक्टरांनी दिलेला पट्टाही उघड्या अंगावर नको, आत सुती बनियन हवं. तो किती दिवस वापरायचा हे डॉक्टरच ठरवतील, पण झोपेत आणि नुसतं बसून असताना लागतो का, हे त्यांना मुद्दाम विचारा.

व्रण मोकळा करण्याचं. रगडून नको, पण हात मात्र लावायचा. त्याआधी मुलीकडून किंवा सुनेकडून मोबाइलवर व्रणाचा जवळून फोटो काढून घ्या. खपली कुठेही नाही, ओल नाही, उघडी भेग नाही असं दिसलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तरच पुढे. हात दुसऱ्याचाच लागेल, कारण स्वतःच्या पाठीशी पोचायला तुम्हाला पिळ घ्यावा लागेल आणि तो अजून चालायचा नाही. कुशीवर झोपा. खोबरेल किंवा साधी व्हॅसलीन अगदी बोटाला लागेल इतकीच घ्यायची. तेल जास्त झालं की बोट नुसतं घसरतं, कातडी जागची हलत नाही, आणि आपल्याला तर कातडीच हलवायची आहे. आधी व्रणापासून चार बोटं दूर दोन बोटं टेकवून कातडी वर-खाली, डावी-उजवी सरकवून बघायची. किती सहज जाते ते ध्यानात ठेवून तेच व्रणाच्या कडेला करायचं. जिथे कातडी सरकायच्या ऐवजी खळी पडते किंवा सुरकुतते, ती चिकटलेली जागा. सगळं काम तिथे. बोटाचं नख जरासं पांढरं होईल इतकाच दाब, गोल गोल, मग आडवं, मग उभं. पाच मिनिटं, दिवसातून दोन वेळा पुरे. काही आठवड्यांत खळी उथळ होत जाईल. झाल्यावर तेल पुसून टाकायचं, तेलावर पट्टा बांधला तर घामाने पुरळ उठेल. आणि ही मालीश मऊ लागायला हवी. डोळ्यांत पाणी आणणारी मालीश गुणकारी, असा आपल्याकडे एक समज आहे. व्रणाला तो लागू नाही, जोराने दाबलं की तो आणखी चिडतो आणि जाड होतो.

बधिरपणाचं कारण कातडीतल्या बारीक नसा चिरेत कापल्या जातात. त्या हळूहळू परत वाढतात, खाज आणि मुंग्या हा त्याचाच भाग. बऱ्याच जणींची जागा काही महिन्यांत जागी होते, एखादा रुपयाएवढा तुकडा कायमचा बधिर राहिला तरी त्याने काही बिघडत नाही. खाज आली तर नख नको, गार ओलं फडकं टेकवा. साडीचा नुसता स्पर्शही खुपत असेल तर रोज दोन मिनिटं आधी कापूस, मग मलमलचं फडकं, मग टॉवेल असं त्या जागेवरून फिरवा, कातडीची खुपून घ्यायची सवय हळूहळू मोडते. व्रण उंचावलेला आणि टणक वाटत असेल तर औषधाच्या दुकानात सिलिकॉनची जेल किंवा पट्टी मिळते. पट्टी दिवसाचे बारा तास तरी आणि दोन-तीन महिने लावावी लागते, चार दिवस लावून ‘फरक नाही’ म्हणू नका. आणि कान टोचल्यावर किंवा दंडावरच्या लशीच्या जागी तुमच्या कातडीला गाठ आली होती का, आठवून बघा. तशी असेल आणि व्रण आता कडेबाहेर पसरत असेल तर मालीश थांबवून कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. त्यावर व्रणात इंजेक्शन देण्याचा उपाय आहे.

शेकायचं असेल तर थंडीच्या सकाळी खुशाल शेका, पण व्रणाच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर, टॉवेलात गुंडाळलेल्या पिशवीने, पंधरा मिनिटं. आधी हाताला पिशवी लावून बघा. बधिर कातडी भाजली तरी सांगत नाही.

यावरून बिबा. ताई, हात जोडते, बिबा नको. बिब्याचं तेल धडधाकट कातडीलाही भाजून फोड आणतं. तुमच्या पाठीत स्क्रू आहेत. वर फोड फुटून पू झाला आणि तो आत स्क्रूंपर्यंत पोचला तर पुन्हा ऑपरेशनची पाळी येते. पायाळू बाईंचं तर काय बोलू! उसण भरलेल्या माणसाला त्यांच्या पायाने बरं वाटत असेल, उसण तशीही चार दिवसांत जातेच. पण स्क्रूंनी धरलेले मणके अजून हाडाने एकमेकांना सांधायचेत अशा कमरेवर कोणाचाच पाय पडता कामा नये, पायाळूचाही नाही आणि पाठ तुडवून देणाऱ्या नातवाचाही नाही.

भरीत खा. वांग्याचा आणि व्रणाचा काही संबंध नाही. खाऊन अंगाला खाज सुटते असा तुमचा स्वतःचा अनुभव असेल तर सोडा, नाहीतर कळण्याच्या भाकरीबरोबर पोटभर खा. जखमेला आणि हाडाला प्रथिनं लागतात, म्हणून डाळ, उसळ, दूध, चालत असतील तर अंडी रोज असू द्या. पाणी भरपूर प्या आणि भाजी-फळं वाढवा, कारण दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट कडक होतं आणि कुंथताना सगळा जोर नेमका कमरेवर येतो. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायचा प्लॅस्टिकचा कमोड आणा. साखरेचा आजार असेल तर साखर ताब्यात हवी. आणि एक तुम्ही लिहिलं नाही, पण विचारते: मिश्री लावता का? लाजू नका, आपल्याकडे अनेक जणी लावतात. तंबाखू दातांना लावा नाहीतर ओढा, निकोटीन रक्तात जातंच आणि स्क्रूभोवतीचं हाड सांधायला उशीर करतं. इतका खर्च करून बसवलेल्या स्क्रूंचं मातेरं करणारी गोष्ट घरात कुठली असेल तर ती ही डबी.

भाकरीबद्दल: खाली पाटावर बसून परातीत पीठ मळणं हे वाकणं, पिळ आणि जोर तिन्ही एकदम आहे. तीन महिने तरी परात ओट्यावर घ्या, एक पाय वीतभर उंच पाटावर ठेवा आणि थोड्या वेळाने पाय बदला. पीठ दुसऱ्या कोणी मळून द्यावं, थापणं आणि भाजणं तुम्ही करा. चूलच असेल तर ते काम सध्या दुसरीकडे द्या. चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे भरलेली कळशी नाही. डॉक्टरांनी याहून कमी सांगितलं असेल तर त्यांचं खरं.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते, पण कडक सांगते. नसेच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन चालू असेल तर बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नाही, डॉक्टर ती उतरत्या क्रमाने थांबवतात. गावात सुटी मिळणारी ‘पाठदुखीची पुडी’ घ्यायची नाही, आत काय आहे कोणालाच ठाऊक नसतं. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि सुया मनाने नकोत. किडनी आणि पोटाचा प्रश्न आहेच, शिवाय हाड सांधत असताना काही सर्जन या गोळ्या टाळायला सांगतात.

आता ओढ आणि धोका यातला फरक. व्रणाची ओढ त्या जागेपुरती असते, एखाद्या हालचालीला येते आणि थोडं चाललं-फिरलं की सैल होते. ताप, चिरेतून पाणी किंवा पू, वाढती लाली-सूज, उठून बसलं की वाढणारी आणि झोपलं की कमी होणारी डोकेदुखी यातलं काही असेल, किंवा पायात पूर्वीसारखी कळ परत उतरू लागली, तर त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात फोन करा. एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली तरी तसंच. पाऊल उचलेनासं झालं, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या मधली बसायची जागा बधिर झाली, एकाएकी धाप लागली, तर रात्र आहे की सण आहे बघू नका, १०८ बोलवा.

कापूस यंदा नाही. हंगाम सरल्यावर त्याच झाडांना पुन्हा येणारी फरदडही नाही. वेचणी म्हणजे तासन् तास अर्धवट वाकून दोन्ही बाजूंना पिळत राहणं आणि वर कमरेला बांधलेल्या ओटीचं वजन. स्क्रू हाडाला तात्पुरतं धरून ठेवतात, खरं हाड सांधायला सहा महिने ते वर्ष जातं. हंगाम डोळ्यांसमोरून जाताना बघवत नाही हे मला कळतं. बांधापर्यंत गाडीने जा, मजुरांची वेचणी काट्यावर मोजली जाते तेव्हा वही तुमच्या हातात असू द्या. गाठोडं मात्र काट्यावर चढवायला कोणी दुसरं हवं.

तीन महिन्यांच्या तपासणीला आता दोन आठवडे उरलेत. जाताना कागदावर लिहून न्या: वाकायला कधीपासून, किलो किती, पट्टा कधी सोडायचा, मांडी घालून कधी बसायचं, कंबर आणि पोटाचे व्यायाम कधी वाढवायचे. व्रणाचे आधीचे आणि आताचे फोटो दाखवा आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्या. खासगी परवडत नसेल तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे चौकशी करा. एसटीने जाणार असाल तर मधल्या सीटवर बसा. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून मागच्या चाकावरची सीट आपली, असं काही नाही. पट्टा बांधा आणि गाडी स्टँडवर थांबली की उठून दोन मिनिटं उभ्या राहा.